नेट हळू झालं की आधी लॉग उघडा : स्क्विड प्रॉक्सीचं निदान आणि देखरेख

संध्याकाळी साडेसात-आठला माझा फोन वाजतो, तेव्हा पलीकडचं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं. “काका, नेट स्लो झालंय. सर्व्हर बंद करून चालू करू का?”

बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्यात आमची अभ्यासिका आहे. चाळीस संगणक, इंटरनेटची एक लाइन आणि दोन्हींच्या मध्ये स्क्विड चालवणारा एक साधा सर्व्हर. स्क्विड हा प्रॉक्सी, म्हणजे संगणकांच्या विनंत्या बाहेर नेणारा आणि आलेल्या फाइलींची प्रत (कॅशे) जपणारा मध्यस्थ प्रोग्राम. बोर्डाची, जेईईची, बँकेच्या परीक्षांची तयारी करणारी मुलं तिथे बसतात. माझं उत्तरही ठरलेलं असतं. “बंद करू नकोस. आधी ॲक्सेस लॉगच्या शेवटच्या पन्नास ओळी मला पाठव.” ॲक्सेस लॉग म्हणजे प्रत्येक विनंतीची नोंद ठेवणारी फाइल.

रीस्टार्टने दुखणं पुष्कळदा थांबतं, पण ते कशाने झालं याचा माग त्याच क्षणी पुसला जातो. किती कनेक्शन उघडी होती, मेमरी किती भरली होती, कोणता डीएनएस सर्व्हर (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा) उत्तर देत नव्हता, हे सगळं चालू प्रोसेसच्या पोटात असतं. प्रोसेस गेली की आकडे गेले आणि दोन दिवसांनी तेच दुखणं परत येतं. म्हणून या लेखातली प्रत्येक पायरी आधी पाहण्याची आहे, हात लावण्याची नंतर.

एक सूचना. आज्ञा आणि सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन लिपीत, खालच्या रेघेसकट टाइप करायची.

पेटीत काय मावतं

कॅशे म्हणजे काय हे बडोदेकरांना समजावताना मला फार लांब जावं लागत नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानात वाचनालयांचं जाळं उभारायला घेतलं. त्यात फिरती वाचनालयंही होती. पुस्तकं भरलेल्या पेट्या गावोगाव जात आणि गावातल्या वाचकाला पुस्तकासाठी शहर गाठावं लागत नसे. प्रॉक्सी ही तशीच पेटी आहे. पुस्तक पेटीत सापडलं तर ‘हिट’. नसलं आणि बाहेरून मागवावं लागलं तर ‘मिस’. पेटीत आहे, पण नवी आवृत्ती निघाली का हे मूळ ठिकाणी विचारून मग दिलं, तर ‘रिफ्रेश’.

आज मात्र बहुतेक पुस्तकं सीलबंद पाकिटातून येतात. एचटीटीपीएसच्या साइटसाठी ब्राउझर प्रॉक्सीला ‘कनेक्ट’ अशी विनंती करतो, प्रॉक्सी एक बोगदा उघडून देतो आणि आतून काय गेलं ते त्याला दिसत नाही. जे दिसत नाही ते साठवता येत नाही. गुजरात बोर्डाच्या निकालाच्या दिवशी चाळीसही मुलं एकच साइट उघडतात, तेव्हा कॅशेचा काडीचा उपयोग होत नाही तो यामुळेच. प्रत्येकाचं पाकीट वेगळं. बोगदे फोडून आतलं पाहण्याची सोय स्क्विडमध्ये आहे, पण त्यासाठी प्रत्येक संगणकावर आपलं प्रमाणपत्र बसवावं लागतं आणि मुलांचे बँकेचे, मेलचे पासवर्डही आपल्या सर्व्हरवर उघडे पडतात. मी ते केलेलं नाही आणि अभ्यासिकेसारख्या जागी कुणी करावं असं मला वाटत नाही.

मग उरतं काय? उरतं ते कमी नाही. उबुंटूची पॅकेजं साध्या एचटीटीपीवरून येतात, विंडोजच्या अपडेटचा मोठा भागही तसाच येतो. एक पॅकेज चाळीस वेळा बाहेरून आणायचं की एकदा, हा फरक लाइनीवर लगेच जाणवतो. पण इथे एक खाच आहे. ‘मॅक्झिमम_ऑब्जेक्ट_साइझ’ हे सेटिंग मुळात फक्त ४ एमबी असतं, त्यामुळे त्याहून मोठी फाइल डिस्कवर साठवलीच जात नाही. पुष्कळ जण कॅशे बसवतात, वर्षभर चालवतात आणि मोठी पॅकेजं रोज नव्याने बाहेरून येत राहतात. ते ५१२ एमबी किंवा गरजेप्रमाणे वाढवा आणि ही ओळ ‘कॅशे_डिर’च्या, म्हणजे डिस्कवरची कॅशेची जागा सांगणाऱ्या ओळीच्या वर ठेवा.

आधी दुखतंय कुठे ते ठरवा

मुलाच्या संगणकापासून साइटपर्यंतच्या वाटेचे तीन तुकडे पडतात. संगणक ते प्रॉक्सी, प्रॉक्सी स्वतः आणि प्रॉक्सी ते बाहेरचं जग. बिघाड कोणत्या तुकड्यात आहे ते पाच मिनिटांत कळतं, आणि तेवढी पाच मिनिटं न दिल्यामुळे लोक दोन-दोन दिवस भलतीकडे शोधत बसतात.

सर्व्हरवर बसून प्रॉक्सी न वापरता ‘कर्ल’ने (टर्मिनलवरून फाइल मागवणारी आज्ञा) एखादी बाहेरची फाइल मागवा आणि लागलेला वेळ लिहून ठेवा. मग तीच फाइल त्याच सर्व्हरवरून, पण ‘-एक्स’ (लहान अक्षरातला) पर्यायाने स्वतःच्याच ३१२८ पोर्टमार्फत, म्हणजे स्क्विड जिथे विनंत्या घेतो त्या दारातून मागवा. तिसऱ्यांदा तीच फाइल एखाद्या मुलाच्या संगणकावरून प्रॉक्सीमार्फत. पहिलीच फेरी हळू असेल तर लाइन किंवा बाहेरचं काही बिघडलंय. स्क्विडला हात लावू नका, इंटरनेट पुरवणाऱ्याला फोन करा. पहिली जलद आणि दुसरी हळू असेल तर दुखणं स्क्विडमध्येच आहे आणि या लेखाचा पुढचा भाग तुमच्यासाठी आहे. पहिल्या दोन्ही जलद आणि तिसरी हळू असेल तर स्विच, केबल किंवा त्या संगणकाचं प्रॉक्सी सेटिंग तपासा. आमच्याकडे एकदा एका स्विचचं पोर्ट १०० ऐवजी १० एमबीपीएसवर अडकलं होतं आणि त्याच्या मागच्या आठ संगणकांवरची मुलं प्रॉक्सीला दोष देत होती.

फाइल मात्र दरवेळी अशी निवडा की जी कॅशेत नाही. नाहीतर दुसऱ्या फेरीला हिट मिळेल, वेळ फसवा येईल आणि तुलनेला अर्थ उरणार नाही.

ॲक्सेस लॉग वाचायला शिका

हा भाग सावकाश वाचा, कारण नव्वद टक्के निदान इथेच होतं असा माझा अनुभव आहे. स्क्विडच्या नेहमीच्या लॉगमध्ये एका ओळीत दहा रकाने असतात. क्रमाने : वेळ, लागलेले मिलिसेकंद, संगणकाचा पत्ता, निकाल आणि स्थिती-क्रमांक, बाइट, विनंतीचा प्रकार, पत्ता, वापरकर्त्याचं नाव, उत्तर कुठून आणलं ते, आणि मजकुराचा प्रकार.

वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत असते, म्हणून ती नुसत्या डोळ्यांनी वाचता येत नाही. ‘डेट -डी’ला पुढे ॲट चिन्ह लावून तो आकडा दिला की आपल्या घड्याळाची वेळ मिळते. शिवाय ही ओळ विनंती संपल्यावर लिहिली जाते. साडेसातला सुरू झालेलं डाउनलोड आठला संपलं तर त्याची नोंद आठची. साडेसातच्या तक्रारीचं मूळ शोधताना साडेसातच्याच ओळी पाहिल्या तर खरा गुन्हेगार सुटतो.

दुसरा रकाना सगळ्यात मोलाचा आणि सगळ्यात जास्त चुकीचा वाचला जाणारा. तिथे दोन लाख मिलिसेकंद दिसले की नवा माणूस घाबरतो. आधी सहावा रकाना पाहा. तिथे ‘कनेक्ट’ असेल तर तो बोगद्याचा पूर्ण आयुष्यकाळ आहे. टॅब उघडा ठेवून मुलगा चहाला गेला असेल, बस. हळूपणा मोजायचा तो फक्त ‘गेट’च्या, म्हणजे बोगद्याविना साधी फाइल मागणाऱ्या ओळींवरून.

चौथ्या रकान्यातले निकाल ओळखीचे व्हायला हवेत. ‘टीसीपी_हिट’ म्हणजे डिस्कवरून दिलं, ‘टीसीपी_मेम_हिट’ म्हणजे रॅममधून. ‘टीसीपी_मिस’ म्हणजे बाहेरून आणलं. ‘टीसीपी_रिफ्रेश_अनमॉडिफाइड’ म्हणजे मूळ सर्व्हरला विचारलं, बदल नाही असं उत्तर आलं, आपलीच प्रत दिली. ‘टीसीपी_क्लायंट_रिफ्रेश_मिस’ म्हणजे वापरणाऱ्यानेच ताजी प्रत मागितली. ‘टीसीपी_टनेल’ म्हणजे एचटीटीपीएसचा बोगदा. आणि ‘टीसीपी_स्वॅपफेल_मिस’ म्हणजे यादीत पुस्तक आहे पण पेटीत हात घातला तर मिळालं नाही. हा निकाल क्वचित दिसला तर सोडून द्या. रोज डझनांनी दिसला तर डिस्क तपासा.

मोजणी अशी करा. ‘ऑक’ने चौथा रकाना वेगळा काढा, ‘सॉर्ट’ करा, ‘युनिक -सी’ने मोजा, पुन्हा आकड्यांप्रमाणे उतरता क्रम लावा. एका ओळीची आज्ञा आहे आणि दिवसभराचं चित्र समोर येतं. मग तीच मोजणी तिसऱ्या रकान्यावर करा, म्हणजे सगळ्यात जास्त विनंत्या कोणत्या संगणकाच्या ते दिसेल. पाचव्या रकान्याची संगणकवार बेरीज केली तर लाइन कोण खातंय तेही समजेल. “नेट स्लो” या तक्रारीचं उत्तर आमच्याकडे कितीतरी वेळा एवढंच निघालं, की एका संगणकावर रात्री लावायचं अपडेट भर संध्याकाळी सुरू झालेलं होतं.

स्थिती-क्रमांकही बोलतात. ५०३ म्हणजे बहुधा नाव सापडलं नाही किंवा समोरच्या सर्व्हरशी जोडणी झाली नाही. ५०४ म्हणजे वाट पाहून वेळ संपला. ४०७ म्हणजे प्रॉक्सीने नाव-पासवर्ड मागितला. पासवर्ड लावलेल्या प्रॉक्सीवर प्रत्येक सत्राची सुरुवात ‘टीसीपी_डिनाइड/४०७’नेच होते. ते बिघाडाचं लक्षण नाही.

पाच सेकंदांची खूण

दोन वर्षांपूर्वी आम्ही इंटरनेटची लाइन बदलली. नवी लाइन वेगवान, तरीही मुलं सांगू लागली की प्रत्येक नवी साइट आधी अडखळते आणि मग धाडकन उघडते. मी ‘गेट’च्या मिस ओळी काढल्या. नव्या साइटवरची प्रत्येक पहिली विनंती पाच हजार मिलिसेकंदांच्या थोडी पुढे होती. पाच हजार दोनशे, पाच हजार एकशे चाळीस, पाच हजार तीनशे. खरा हळूपणा असा शिस्तीत येत नाही. एकच आकडा पुन्हा पुन्हा दिसला की समजावं, कुठलंतरी घड्याळ संपण्याची वाट पाहिली जातेय.

ते घड्याळ डीएनएसचं होतं. स्क्विड नावं स्वतः शोधतो. एका डीएनएस सर्व्हरने उत्तर दिलं नाही तर ५ सेकंद थांबून तो पुढच्याला विचारतो, आणि एकंदर ३० सेकंदांनंतर हात टेकतो. सर्व्हरची ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’ ही फाइल तो सुरू होताना आणि कॉन्फिगरेशन पुन्हा वाचतानाच पाहतो. आम्ही लाइन बदलताना ती फाइल बदलली, पण स्क्विडला सांगितलं नाही. त्यामुळे तो जुन्या, आता पोचता न येणाऱ्या पत्त्यालाच आधी विचारत राहिला. ‘कर्ल’ने थेट पाहिलं तर सगळं जलद, कारण ‘कर्ल’ नवी फाइल वाचत होता.

असा संशय आला की कॅशे मॅनेजरचं (स्क्विडचे आतले आकडे दाखवणारी सोय) ‘आयडीएनएस’ पान पाहा. प्रत्येक डीएनएस सर्व्हरला किती प्रश्न गेले आणि किती उत्तरं आली ते तिथे शेजारी शेजारी असतं. एका ओळीत प्रश्न शेकड्यांनी आणि उत्तरं शून्य दिसली की शोध संपला. उपाय एका आज्ञेचा : ‘स्क्विड -के रीकॉन्फिगर’. मात्र त्याआधी ‘स्क्विड -के पार्स’ चालवायची सवय लावून घ्या, कारण कॉन्फिगरेशनमध्ये एखादा शब्द चुकला असेल तर तो चालू सेवेला धक्का न लावता तिथेच कळतो.

मेमरी, डिस्क आणि फाइल डिस्क्रिप्टर

‘कॅशे_मेम’मध्ये २५६ एमबी लिहिलं म्हणजे स्क्विड तेवढीच रॅम घेईल, हा समज फार पसरलेला आहे. तो आकडा फक्त रॅममध्ये ठेवलेल्या वस्तूंचा. डिस्कवर जे साठवलंय त्याची यादीही रॅममध्येच राहते आणि ६४-बिट यंत्रावर दर १ जीबी डिस्क-कॅशेमागे साधारण १४ एमबी रॅम लागते. ४ जीबी रॅमच्या संगणकावर कुणी हौसेने २०० जीबीचा कॅशे लावला तर नुसत्या यादीलाच २.८ जीबी गेली. मग यंत्र स्वॅपवर, म्हणजे रॅमऐवजी डिस्कवरच्या जागेवर जातं, आणि स्वॅपवर गेलेला कॅशे बाहेरून आणण्यापेक्षाही हळू चालतो. ‘व्हीएमस्टॅट’मध्ये ‘एसआय’ आणि ‘एसओ’ हे रकाने शून्याच्या आसपास हवेत. ते सतत हलत असतील तर डिस्क-कॅशे कमी करा. आमच्या चाळीस संगणकांना ३० जीबी पुरतात.

डिस्कबाबत दोन गोष्टी. कॅशेला पार्टिशनची सगळी जागा देऊ नका, वीस टक्के तरी मोकळी ठेवा. आणि लॉग वेगळ्या पार्टिशनवर असेल तर उत्तम, कारण ॲक्सेस लॉग लिहायला जागा उरली नाही तर स्क्विड मुळात थांबून जातो. अशा वेळी घाईने ‘आरएम’ करून मोठा लॉग उडवला तरी, स्क्विड चालू असेल तर त्याने ती फाइल उघडी धरलेली असते आणि जागा सुटत नाही. फाइल फिरवायला ‘स्क्विड -के रोटेट’ आहे. डेबियन-उबुंटूवर हे काम रोज ‘लॉगरोटेट’ करतं. ते खरंच होतंय ना, एवढं महिन्यातून एकदा डोळ्यांनी पाहा.

फाइल डिस्क्रिप्टर म्हणजे उघड्या फाइलला किंवा कनेक्शनला सिस्टिम देते तो क्रमांक. त्याचं दुखणं फसवं असतं. आत येणारं प्रत्येक कनेक्शन एक डिस्क्रिप्टर घेतं, बाहेर जाणारं आणखी एक, डिस्कवरची फाइल उघडली तर तिसरा. मर्यादा १०२४ असेल आणि चाळीस मुलांनी वीस-वीस टॅब उघडले तर ती सहज संपते. तेव्हा स्क्विड बंद पडत नाही, नवी कनेक्शन घेण्याचा वेग कमी करतो. म्हणून तक्रार “बंद आहे” अशी न येता “हळू आहे” अशी येते. कॅशे लॉगमध्ये, म्हणजे स्क्विडच्या स्वतःच्या इशाऱ्यांच्या फाइलमध्ये, ‘रनिंग आउट ऑफ फाइलडिस्क्रिप्टर्स’ असा इशारा मिळेल. ‘मॅक्स_फाइलडिस्क्रिप्टर्स’ वाढवा, आणि सर्व्हरवर सिस्टिमडी (लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्राम) असेल तर सेवेची ‘लिमिटएनओफाइल’ मर्यादाही. एकच वाढवून दुसरी तशीच ठेवली तर फरक पडत नाही.

आणि हे बंद करण्याविषयी. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा आमच्याकडे वीज गेली, यूपीएस संपला आणि सर्व्हर न सांगता पडला. वीज आल्यावर कॅशे लॉगमध्ये ‘रीबिल्डिंग स्टोरेज’च्या ओळीत ‘डर्टी लॉग’ असे शब्द होते. म्हणजे यादी अर्धवट राहिली होती आणि स्क्विड ती नव्याने जुळवत होता. हे होईपर्यंत सगळं संथ चालतं आणि ‘फिनिश्ड रीबिल्डिंग’ ही ओळ आली की पूर्ववत होतं. अधीर होऊन त्यात पुन्हा रीस्टार्ट केला तर काम पहिल्यापासून सुरू. असाच घोळ हाताने बंद करतानाही होतो. चालू कनेक्शनना आवरायला वेळ मिळावा म्हणून स्क्विड थांबताना ३० सेकंदांपर्यंत घेतो. अडकला असं समजून कुणी ‘किल -९’ मारलं की यादी पुन्हा अर्धवट. तीस सेकंद थांबा.

कॅशे पूर्ण पुसणं हा शेवटचा उपाय. स्क्विड बंद करा, जुनी डिरेक्टरी बाजूला सरकवा, नवी करून तिची मालकी स्क्विडच्या युजरला द्या (डेबियन-उबुंटूवर तो ‘प्रॉक्सी’ नावाचा असतो), मग ‘स्क्विड -झेड’.

अडवलेली आणि शिळी पानं

‘टीसीपी_डिनाइड/४०३’ आलं तर कुणाला काय उघडू द्यायचं या नियमांचा क्रम पाहा. स्क्विड वरून खाली वाचतो आणि पहिला लागू पडणारा नियम अंतिम मानतो. एकही लागू पडला नाही तर शेवटच्या नियमाच्या उलट वागतो, म्हणून शेवटी ‘डिनाय ऑल’ स्पष्ट लिहा. ३१२८ पोर्ट बाहेरच्या जगाला कधीच उघडं नको.

पान शिळं येत असेल तर उत्तरातल्या ‘एक्स-कॅशे’ आणि ‘एज’ या ओळी ‘कर्ल -आय’ने पाहा. खरोखर हिट असेल तर बहुतेक वेळा दोष कुणीतरी कुठूनतरी उतरवून घेतलेल्या ‘रिफ्रेश_पॅटर्न’चा (प्रत किती काळ ताजी मानायची ते ठरवणारं सेटिंग) असतो. ‘ओव्हरराइड-एक्स्पायर’ असलेल्या ओळी काढून पाहा. सर्व्हरचं घड्याळही तपासा. ते मागे-पुढे असेल तर ताजं-शिळं ठरवण्याचं गणितच बिघडतं.

तब्येत ठीक असतानाचे आकडे

ताप आला का हे कळायला नेहमीचं तापमान माहीत हवं. म्हणून देखरेख सुरू करायची ती सगळं सुरळीत असताना. ‘कर्ल’ने (जुन्या आवृत्तीत ‘स्क्विडक्लायंट’नेही) कॅशे मॅनेजरचं ‘इन्फो’ पान दर पाच मिनिटांनी क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सोयीतून घ्या आणि त्यातले मोजके आकडे तारीख-वेळेसह एका फाइलमध्ये जोडत जा. हे पान फक्त सर्व्हरवरूनच दिसावं, बाकी सगळ्यांना बंद.

मी पाच आकडे ठेवतो. मिसचा मध्यम वेळ, हिटचा मध्यम वेळ, डीएनएसचा मध्यम वेळ, वापरातले फाइल डिस्क्रिप्टर आणि डिस्कवर जावं लागलेले पेज फॉल्ट (हवा तो मजकूर रॅममध्ये न मिळण्याचे प्रसंग). पहिले तीन ‘मीडियन सर्व्हिस टाइम्स’ या मथळ्याखाली सेकंदांत मिळतात आणि एकमेकांशेजारी ठेवले की बोलू लागतात. नुसता मिस वाढला तर लाइन किंवा बाहेरचं जग. मिस आणि डीएनएस दोन्ही वाढले तर डीएनएस. हिट वाढला तर डिस्क किंवा मेमरी, कारण हिटसाठी बाहेर जावंच लागत नाही. पेज फॉल्टची संख्या स्क्विड सुरू झाल्यापासूनची असते, म्हणून आधीची नोंद वजा करून वाढ पाहायची.

हिट रेशो, म्हणजे एकूण विनंत्यांतला हिटचा वाटा, मी मुद्दाम या पाचांत धरत नाही. बोगदेही विनंत्यांमध्ये मोजले जातात, त्यामुळे तो आकडा आज एक अंकीही निघतो आणि पाहणारा निराश होऊन कॅशेच काढून टाकतो. बोगदे वगळून, फक्त ‘गेट’च्या ओळींवरून हिट काढा, तेही बाइटमध्ये. अपडेटच्या आठवड्यात तो आकडा कॅशेचं खरं काम दाखवतो.

याशिवाय एक चाचणी दर पाच मिनिटांनी प्रॉक्सीमार्फत एक छोटी फाइल मागवते आणि वेळ लिहिते. लागोपाठ तीनदा चुकली तरच मला मेसेज येतो. एकदा चुकल्यावर मेसेज पाठवायची चूक मी पहिल्या महिन्यात केली होती, आणि पंधरा दिवसांत मी ते मेसेज वाचणंच सोडलं होतं. मोठ्या जागी झॅबिक्ससारखं देखरेखीचं साधन लावता येईल. स्क्विडचे आकडे एसएनएमपीवरूनही (यंत्रांच्या देखरेखीची ठरलेली पद्धत) घेता येतात, त्यासाठी ३४०१ हे पोर्ट सहसा वापरतात.

लॉग जपताना त्यात कुणाचं काय आहे हेही लक्षात ठेवा. कोणत्या मुलीने कोणत्या आजाराची साइट पाहिली, कोणता मुलगा कुठे अर्ज करतोय, हे त्या ओळींमधून कळू शकतं. प्रश्नचिन्हापुढचा मजकूर स्क्विड लॉगमध्ये आपणहून गाळतो, ते ‘स्ट्रिप_क्वेरी_टर्म्स’ सेटिंग चालूच ठेवा. लॉगची फाइल वाचायची परवानगी आमच्याकडे दोघांनाच आहे, पालकांनी मागितली तरी ती दाखवत नाही, आणि सात दिवसांपेक्षा जुना लॉग आपोआप पुसला जातो. पाच आकड्यांची फाइल मात्र दोन वर्षांची आहे, कारण तिच्यात कुणाचंच नाव नाही.